आजारी माणसासाठी प्रार्थना करायला जाताय?
घरी कोणी आजारी असेल तर चर्चच्या पाळकांना आणि मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना लगेच बोलवा, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात ५:१४ मध्ये तेच सांगितलंय, प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी. साधं ऑलिव्ह ऑइल चालतं, बोट बुडवून कपाळाला लावायचं, पण आधी पेशंटला विचारा, सलाईनचा हात सांभाळा आणि प्रार्थना आटोपशीर ठेवा, तापाने फणफणलेल्या माणसाला मोठा आवाज सोसत नाही. देव आजही बरं करतो यावर माझा पक्का विश्वास आहे, पण गोळ्या बंद करा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. आणि बरं वाटलं नाही तर 'तुझा विश्वास कमी पडला' हे चुकूनही बोलायचं नाही, बायबलमधल्या प्रेषित पौलानेसुद्धा आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी असतानाच मागे सोडलं होतं. दोन दिवसांनी परत जा, जाताना डबा घेऊन जा.