यूबीआय व्हॉल्यूम : स्टॅटिक करावा की डायनॅमिक?

राउटरसारख्या छोट्या लिनक्स उपकरणात साधी नँड फ्लॅश (आत कंट्रोलर नसलेली साठवणुकीची चिप) असेल, तर तिच्यावर बहुधा यूबीआय या सॉफ्टवेअरचा थर असतो. 2007 साली लिनक्स 2.6.22 मध्ये आलेला हा थर खराब ब्लॉक (फ्लॅशचे एकदम पुसले जाणारे तुकडे) बाजूला काढतो आणि पुसण्या-लिहिण्याने होणारी झीज सगळ्या ब्लॉकांवर वाटून टाकतो. त्यावर व्हॉल्यूम (पार्टिशनसारखा वेगळा कप्पा) बनवताना स्टॅटिक की डायनॅमिक हा प्रकार सांगितला नाही, तर तो डायनॅमिक होतो. अनेक जण तिथेच थांबतात. प्रकार नंतर बदलता येत नाही, व्हॉल्यूम पुसून नव्याने बनवावा लागतो, म्हणून आधीच दहा मिनिटं देऊन ठरवावं.

आधी फ्लॅश ओळखा. ईएमएमसी किंवा एसडी कार्ड असेल तर हा प्रश्नच नाही. त्यांच्या आतला कंट्रोलर झीज स्वतः सांभाळतो, तिथे यूबीआय लागत नाही.

मग विचारा : डेटा शाबूत आहे याची हमी कोण देणार? 'स्टॅटिक म्हणजे फक्त वाचायचा' एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं, पण खरा फरक हमीचा आहे. स्टॅटिक व्हॉल्यूममध्ये यूबीआय प्रत्येक ब्लॉकसोबत सीआरसी-32 (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवतो आणि डेटा नेमका किती बाइट आहे तेही लक्षात ठेवतो. डायनॅमिकमध्ये ती जबाबदारी वरच्या फाइल सिस्टिमची. ही सीआरसी अपघाती बिघाड पकडते. मुद्दाम केलेली छेडछाड रोखायला डिजिटल सहीच हवी. स्टॅटिक म्हणजे डेटा एकाच जागी गोठलेला, असंही नाही. झीज वाटताना यूबीआय त्याचेही ब्लॉक हलवतो.

आता एकेक व्हॉल्यूम घ्या. सेटिंग, लॉग, डेटाबेस अशा सतत लिहिल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी यूबीआयएफएस ही यूबीआयवर चालणारी फाइल सिस्टिम लागते आणि तिला डायनॅमिकच चालतो. उरलेली सगळी जागा याच व्हॉल्यूमला द्यायची असेल तर यूबिनाइझ या इमेज बनवणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये त्याला 'ऑटोरिसाइझ' लावा. हा फ्लॅग एकाच व्हॉल्यूमला लावता येतो.

कर्नल, डिव्हाइस ट्री (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणारी फाइल), वायफायचा कॅलिब्रेशन डेटा या गोष्टी बदलल्या तर अख्ख्या बदलतात. यांना मी डोळे झाकून स्टॅटिक देतो. समजा, 8 एमआयबीच्या (एमआयबी म्हणजे 1024 × 1024 बाइट) व्हॉल्यूममध्ये 5 एमआयबीचा कर्नल आहे. यू-बूटला (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) आकार न सांगता वाचायला लावलं, तर स्टॅटिकमधून 5 येतात. डायनॅमिकमधून पूर्ण 8 येतात, शेवटचे 3 नुसते एफएफ, म्हणजे रिकाम्या फ्लॅशचे बाइट.

खरी ओढाताण होते ती स्क्वॉशएफएसच्या (दाबून भरलेली, फक्त वाचायची फाइल सिस्टिम) रूट फाइल सिस्टिमपाशी. ती वाचण्यापुरतीच असल्याने यूबीआयब्लॉकवरून (व्हॉल्यूम डिस्कसारखा दाखवणारा थर) दोन्ही प्रकारांत चालते. पण लिनक्स स्टॅटिक व्हॉल्यूम पहिल्यांदा उघडताना तो सगळा वाचून सीआरसी ताडतो. 40 एमआयबीची इमेज आणि सेकंदाला 10 एमआयबी वाचणारी फ्लॅश धरली, तर बूट चार सेकंदांनी लांबलं. ते परवडत नसेल किंवा वर डीएम-व्हेरिटी (वाचताना डेटा ताडणारी कर्नलची सोय) आधीच पहारा देत असेल, तर डायनॅमिक घ्या. नव्या कर्नलमध्ये स्टॅटिक ठेवून ही तपासणी वगळायचा पर्यायही आहे, पण मग स्टॅटिक घेण्याचं अर्धं कारण संपतं. चार सेकंद चालत असतील तर मी तपासणी ठेवतो. दूर खांबावर बसवलेल्या उपकरणात बिघाड बूटच्या वेळीच लॉगमध्ये दिसला, तर शिडी लावायच्या आधी कारण कळतं.

बनवा आणि तपासा. व्हॉल्यूम बनवणाऱ्या यूबीआयएमकेव्हॉल या आज्ञेला नाव, आकार आणि 'स्टॅटिक' हा प्रकार द्या. इमेज भरायला यूबीआयअपडेटव्हॉल वापरा. थोडासा भाग बदलण्याची सोय स्टॅटिकमध्ये नाही, पूर्ण इमेजच द्यावी लागते. लिहून झालं की यूबीआय स्टॅटिक व्हॉल्यूम परत वाचून ताडतो. शेवटी यूबिन्फो या आज्ञेने प्रकार आणि स्थिती पाहा. स्थितीपुढे 'ओके' हवं.

वीज जाईल असं धरूनच चाला. अपडेट अर्ध्यावर तुटलं तर व्हॉल्यूमवर 'करप्टेड' ही खूण राहते, मग प्रकार कोणताही असो, आणि पुन्हा पूर्ण अपडेट केल्यावरच ती निघते. म्हणून कर्नलचे दोन स्टॅटिक व्हॉल्यूम ठेवा. नवी इमेज रिकाम्यात भरा, स्थिती 'ओके' दिसली की यूबीआयरिनेमने एकाच आज्ञेत दोघांची नावं अदलाबदल करा. ही अदलाबदल अर्धवट राहत नाही. मधेच वीज गेली तरी यू-बूटला त्या नावाने जुना नाहीतर नवा, पण धड कर्नलच मिळतो.