एअर रायफलचा ट्रिगर कसा लावावा, छर्रे कसे निवडावे

१० मीटर एअर रायफलच्या नव्या नेमबाजाचे गुण अडले की तो पहिल्यांदा छर्रे बदलतो. त्यात कष्ट कमी, आणि दोषही परस्पर डब्यावर ढकलता येतो. खरं तर सुरुवातीचे बरेचसे गुण जातात ते ट्रिगर दाबताना नळी हलल्यामुळे. म्हणून आधी ट्रिगर लावून घ्यावा, छर्र्यांकडे नंतर वळावं.

हात लावण्याआधी नळी सुरक्षित दिशेला करा आणि आत छर्रा नाही हे उघडून डोळ्यांनी पाहा. सिलिंडरच्या हवेवर चालणाऱ्या मॅच (स्पर्धेच्या) रायफलींमध्ये सहसा ड्राय फायरची, म्हणजे छर्रा आणि हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबण्याची सोय असते, ती वापरा. स्प्रिंग-पिस्टनची रायफल मात्र रिकामी झाडू नका. पुढे छर्रा नसला की पिस्टनला अडवणारी हवेची उशी मिळत नाही, तो जोरात आदळतो आणि सील व स्प्रिंगची वाट लागते.

१. पात्याची जागा. वजनाच्या, म्हणजे ट्रिगर सुटायला लागणाऱ्या दाबाच्या स्क्रूला एवढ्यात हात लावू नका. नेहमीची पोझिशन घ्या, पकड घ्या, डोळे मिटा आणि बोट आपोआप कुठे पडतं ते पाहा. ट्रिगरच्या पात्यावर, म्हणजे बोट टेकतं त्या पट्टीवर, टोकाकडच्या पहिल्या पेराचा मांसल भाग यायला हवा आणि बोट स्टॉकला (रायफलीच्या दस्त्याला) घासता कामा नये. बोट पेराच्या सांध्यापर्यंत आत जात असेल तर पातं पुढे सरकवा, टोकच पोचत असेल तर मागे घ्या. दाब सरळ मागे आला पाहिजे. तो तिरका गेला की फटके एका बाजूला सरकतात आणि नेमबाज बिचारा साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवत बसतो. एवढी एक जागा नीट बसली तर पुढचं निम्मं काम झालं.

२. दोन टप्पे. मॅच रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात पातं हलक्या दाबाने मागे येतं आणि एका ठिकाणी थांबतं. ते थांबणं बोटाला स्पष्ट कळलं पाहिजे. त्यानंतर थोडा जास्त दाब दिला की ट्रिगर सुटतो. दुसऱ्या टप्प्यात पातं सरकतंय असं जाणवता कामा नये. सुटल्यावर पातं फार मागे जात असेल तर पात्याला अडवणारा स्टॉपचा स्क्रू थोडा आत घ्या, पण इतका नको की ट्रिगर सुटण्याआधीच अडेल.

कोणता स्क्रू कशाचा हे रायफलीच्या पुस्तिकेतच पाहा. एका वेळी एकच स्क्रू फिरवा, तोही पाव फेरा, आणि वहीत लिहून ठेवा. आतले भाग कानशीने घासून ट्रिगर ‘मऊ’ करण्याचा उद्योग कुणी सुचवला तर त्याच्यापासून दूर राहा. एकदा झिजवलेला धातू परत येत नाही.

३. वजन. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम वजनाची अट आहे, एअर रायफलला तशी अट नाही. त्यामुळे मॅच रायफलीचे ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपासही लावलेले दिसतात. नवख्याने त्यांची नक्कल करू नये. फार हलका ट्रिगर नेम लागण्याआधीच सुटतो, मग बोट त्याला घाबरतं आणि पात्यापासून दूरच राहतं. पहिल्या टप्प्यावर बोट निर्धास्त टेकवता येईल एवढं वजन ठेवा. हलकं पुढे कधीही करता येईल.

जुळवणी झाली की रिकामी रायफल कॉक करा (झाडायला तयार स्थितीत आणा), नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि स्टॉकवर तळहाताने चापट मारा. ट्रिगर आपोआप सुटला तर जुळवणी चुकली आहे. मूळ स्थितीवर परत या.

४. छर्रे. आता डबे उघडा. कागदी टार्गेटसाठी ४.५ मिलिमीटरचे चपट्या डोक्याचे छर्रे घ्या. ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात, टोकदार छर्रा कागद फाडतो. रायफलसाठीचे मॅच छर्रे साधारण अर्ध्या ग्रॅमच्या थोडे वर असतात. चांगल्या डब्यावर डोक्याचा व्यासही छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. दुसऱ्याच्या रायफलीत ४.५० उत्तम चालला म्हणून तुमच्या नळीत चालेलच असं नाही. एकाच मॉडेलच्या दोन नळ्यांची आवड वेगळी निघते.

चाचणीत माणसाचा हात जितका कमी तितकं बरं. क्लबात रायफल पक्की धरणारा शिकंजा असेल तर उत्तम, नाहीतर टेबलावर टेकू द्या. प्रत्येक प्रकारचे काही छर्रे आधी नळीतून जाऊ द्या, ते मोजू नका. मग एकाच कोऱ्या टार्गेटवर दहा मारा. सगळ्या भोकांच्या झुबक्याची बाहेरून बाहेर रुंदी मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरला तो ग्रुप.

किती असावा? दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो, पण छर्रा त्याला नुसता टेकला तरी दहा मिळतात. हिशेब केला तर ५ मिलिमीटरचा ग्रुप बरोबर मध्ये बसला की सगळे दहाच. दशांशात गुण मोजले जातात तिथे मात्र त्याहून बराच बारीक ग्रुप हवा. दोन प्रकारांत फरक अगदी थोडा दिसला तर एका ग्रुपवरून निकाल लावू नका, दोन्ही पुन्हा मारा.

छर्रा भरण्याआधी त्याची मागची कडा पाहा. शिसं मऊ असतं, डबा पडला तरी कडा चेपते आणि तो छर्रा भरकटतो. डबा हलवत नेऊ नका, चेपलेले सरळ बाजूला काढा. शिशामुळेच सरावानंतर हात साबणाने धुवा, आणि मधे खायला घेतलं तर त्याआधीही.

पसंत पडलेल्या डब्यावरचा बॅच नंबर लिहून घ्या आणि त्याच बॅचचे जमतील तेवढे डबे एकदम घेऊन ठेवा. नाव आणि व्यास तोच असला तरी नवी बॅच आली की तिची चाचणी नव्याने करावी लागते.