मुरूम काढलेल्या शेतात मृगाआधी करायची कामं

कुणी रस्त्याच्या भरावाला मुरूम दिला, कुणी वीटभट्टीला माती दिली, कुणाची मांजरा-सिंदफणेच्या काठची काळी माती 2025 च्या सप्टेंबरातल्या पुराने खरडून नेली. अशा रानात या मृगात कापूस-सोयाबीन टाकू नका. बियाणं, खत, मजुरी सगळं अंगावर येईल. हे वर्ष माती तयार करण्यात घाला.

मराठवाड्यात कोळशाची खाण नाही, पण चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या उघड्या खाणींसाठी जमीन पूर्ववत करण्याची जी पद्धत ठरलेली आहे, ती आपल्याला कामाची आहे. कोळशाला हात लावण्याआधी वरची सुपीक माती वेगळी काढून साठवायची, खालचे दगड-माती दुसरीकडे टाकायचे. भरताना आधी खालचं आणि सगळ्यात शेवटी वरची माती. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने 2009 साली खाण बंद करण्याच्या आराखड्याच्या सूचना काढल्या, त्यासाठी पैसेही आधी वेगळे ठेवावे लागतात. मुरूम नेणारा ठेकेदार आपणहून असं काही लिहून देणार नाही. म्हणून ज्यांचा सौदा अजून व्हायचा आहे, त्यांनी वरची फूटभर माती बांधाला वेगळी टाकायची, किती खोल खणायचं, काठाला उतार किती ठेवायचा आणि शेवटी सपाटीकरण कुणी करायचं, हे कागदावर घ्या. तहसीलचा गौण खनिज परवानाही आधी बघा. मातीचा ढीग डोक्याच्या वर जाऊ देऊ नका. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही आणि मातीतले उपयोगी जिवाणू मरतात. ढीग पावसाळाभर राहणार असेल तर त्यावर तागाचं बी फेकून पेरा.

माती आधीच गेली असेल तर पहिलं काम जमीन मोकळी करण्याचं. हायवा (मोठा डंपर) आणि जेसीबीच्या चाकांनी खालचा थर सिमेंटसारखा दाबला जातो. पहार ठोकून बघा. वीतभर जाऊन ठणकली तर साध्या नांगराने भागणार नाही, सबसॉयलर म्हणजे खालचा दाबलेला थर फोडणारं अवजार फिरवावं लागेल, आडवा-उभा दोन्ही. हे काम जमीन कोरडी असतानाच करा. रोहिणीचा पाऊस पडून ओल झाली की अवजार थर फोडत नाही, नुसती चीर पाडतं, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली रान पुन्हा दबतं.

इथे एक सावधगिरी. खाणपट्ट्यात गंधकयुक्त खनिज उघडं पडतं तिथे जमीन आम्लधर्मी होते, म्हणून तिकडे चुना टाकायला सांगतात. ते वाचून आपल्याकडे कुणी चुना टाकू नये. आपला मुरूम काळ्या पाषाणाचा, त्यात बहुतेक ठिकाणी चुनखडीच जास्त. मूठभर मातीवर लिंबू पिळा. बारीक फेस आला तर चुना भरपूर आहे असं समजा. अशा जमिनीत लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही, स्फुरदही अडकून बसतं. म्हणून माती परीक्षण करून घ्या. परभणीचं कृषी विद्यापीठ किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा, आणि नमुना देताना हे मुरूम काढलेलं रान आहे हे आवर्जून सांगा.

आता गाळ. तलावातला गाळ टाकण्याचे दिवस हेच, आणि हिशेब न करता पैसे घालवण्याचेही हेच. एका एकरावर एक इंच थर द्यायचा तर सुमारे 36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) गाळ लागतो. चार इंचाला 145 ब्रास, म्हणजे ब्रासभराच्या ट्रॉलीने जवळजवळ दीडशे खेपा. तीन एकरांवर थोडा थोडा शिंपडण्यापेक्षा अर्धा एकर धरा आणि तो नीट करा, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या वर्षी पुढचा तुकडा. गाळ टाकून तसाच सोडू नका, खालच्या मुरमात वखराने मिसळा. नुसता चिकण थर वर राहिला तर पाणी वरच तुंबतं आणि मुळं खाली उतरत नाहीत. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत बसता का, ते ग्रामपंचायतीत विचारा.

पहिला चांगला पाऊस झाला की हिरवळीच्या खतासाठी धैंचा किंवा ताग पेरा. धैंचा एकरी 20 किलोच्या आसपास, ताग 25 किलो. बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणूखत चोळा, सोबत एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट द्या. मुरमात नत्र-स्फुरद जवळपास नसतंच, उपाशी हिरवळीचं पीक जमिनीला काय देणार? 45 ते 50 दिवसांनी, फुलकळी दिसताच पीक जमिनीत गाडा. पुढे उशीर झाला की खोड राठ होतं आणि कुजायला वेळ लागतो. बांधावर गिरीपुष्प लावा, त्याचा पाला पुढची कित्येक वर्षं कामी येतो.

रब्बीला जिथे थर चांगला जमला तिथे हरभरा किंवा करडई घेऊन बघा. थर अजून पातळ असेल तर रब्बीत काही पेरू नका, पुढच्या खरिपात हुलगा नाहीतर मटकी घ्या. भरलेल्या खड्ड्यावर मोसंबीची कलमं एवढ्यात नकोत. भराव दोन पावसाळे तरी खाली बसत राहतो, झाडं कलतात आणि ठिबकच्या नळ्या तुटतात.

परळीच्या औष्णिक केंद्राची राख खड्डा भरायला मिळते का, हे बीडकडून हमखास विचारलं जातं. विहिरीजवळ, ओढ्याकाठी अजिबात नको. राखेतलं बोरॉन आणि जड धातू पाण्यात उतरतात. वर मातीचा जाड थर देणं शक्य नसेल तर राख आणूच नका, ती उडून शेजाऱ्याच्या पिकावर बसते.

फार खोल गेलेला खड्डा भरण्याच्या मागे लागू नका, तिथे शेततळं करा. काठ उभे ठेवू नका, खोलीच्या दर फुटाला दीड फूट आडवा उतार द्या, पाणी आत येतं तिथे दगडी पिचिंग करा, म्हणजे काठावर दगड बसवा. आणि पावसाआधी भोवती तारेचं कुंपण घाला. अशा खड्ड्यांत दरवर्षी लेकरं आणि जनावरं बुडतात.