वटवाघळांच्या आतड्यातले जीवाणू अभ्यासताय? या चुका टाळा

कोकणात कीटकभक्षी वटवाघळं शोधायला लांब जावं लागत नाही. जांभ्यातली घळ, किल्ल्याचं तळघर, वर्षानुवर्षं बंद असलेलं घर, एखादं लेणं. तिन्हीसांजेला बाहेर उभं राहिलं की ती निघताना दिसतात. त्यामुळे एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय घ्यावासा वाटणं साहजिक आहे. नमुना मिळतो लवकर, पण त्यात सापडलेला जीवाणू कुणाचा, हे ठरवणं अवघड असतं. वटवाघळाचा, त्याने खाल्लेल्या किड्याचा, गुहेतल्या मातीचा, की प्रयोगशाळेत डीएनए काढायला वापरलेल्या रसायनांच्या किटचा? या प्रश्नाचा घोळ सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनए वाचण्याच्या, मशीनवर होत नाही. तो बहुतेक वेळा वटवाघूळ पकडायच्या जाळ्याजवळच होऊन गेलेला असतो.

जमिनीवरची विष्ठा भरून आणणं

गुहेत पायाखाली विष्ठेचा थर असतोच आणि चमचाभर घेऊन मोकळं व्हायचा मोह होतो. तो थर एका प्राण्याचा नसतो, अनेकदा एका जातीचाही नसतो. छताला हिपोसिडेरॉस, पलीकडच्या फटीत टॅफोझोअस ही कीटकभक्षी वटवाघळं आणि त्याच गुहेत फळं खाणारी रुसेटस वटवाघळं अशी वस्ती एकत्र असू शकते. शिवाय आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी चढते, भुंगेरे आणि झुरळं त्यातून फिरतात, आणि थोड्याच दिवसांत मातीतले जीवाणू तिथे बस्तान बसवतात. अख्ख्या वस्तीचा आहार बघायचा असेल तर रात्रभर स्वच्छ प्लॅस्टिक अंथरून ताज्या लेंड्या घेता येतात. आतड्यातल्या जीवाणूंसाठी मात्र जाळ्यात पकडलेलं वटवाघूळ पिशवीत ठेवून त्याची लेंडी घ्यायची: एक प्राणी, एक पिशवी, एक नमुना.

कालची पिशवी झटकून आज वापरली, तर आजच्या निकालात कालचं वटवाघूळही येतं. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने) निर्जंतुक केलेली सुती पिशवी किंवा नवी कागदी पिशवी घ्या, लेंडी निर्जंतुक चिमट्याने उचला. जाळं दर दहा मिनिटांनी तपासा. गाभण मादी किंवा पोटाशी पिलू असलेली मादी हाती लागली तर ताबडतोब सोडा. तिच्या लेंडीवाचून कुठलाही प्रकल्प अडत नाही.

बाटलीत घालायला उशीर

ही चूक सगळ्यांत महागात पडते. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या आतड्यात फर्मिक्युट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या गटांचं वर्चस्व असतं. वटवाघळांत प्रोटिओबॅक्टेरिया पुष्कळ सापडतात आणि त्या बाबतीत ती पक्ष्यांच्या जवळ जातात. उडणाऱ्या प्राण्याचं आतडं आखूड असतं. खाल्लेला किडा काही तासांत, कधी त्याहूनही लवकर बाहेर पडतो. जीवाणूंच्या गटांचा आलेख पहिल्यांदा बघणाऱ्याला हे प्रोटिओबॅक्टेरिया पाहून नमुना खराब झाला असं वाटतं आणि चांगला नमुना टाकून दिला जातो.

पंचाईत अशी की खरोखर खराब झालेला नमुनाही तसाच दिसतो. मे महिन्याच्या उकाड्यात लेंडी पिशवीत पडून राहिली, की एश्चेरिशिया आणि त्याचे भाऊबंद भराभर वाढतात. तेही प्रोटिओबॅक्टेरियाच! नुसता आलेख बघून यातला खरा कोणता आणि उशिरामुळे वाढलेला कोणता, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वटवाघूळ पिशवीत गेल्याची वेळ आणि लेंडी बाटलीत गेल्याची वेळ, दोन्ही वहीत जागच्या जागी लिहा.

बाटलीत ९५ टक्के इथेनॉल हवं. सॅनिटायझरसारखं सहज मिळणारं ७० टक्क्यांचं अल्कोहोल या कामाला चालत नाही. घरच्या फ्रिजरवर विसंबू नका. पावसाळ्यात लाईट गेली की नमुना वितळतो, आली की पुन्हा गोठतो, आणि दर खेपेला डीएनए तुटत जातो. जी पद्धत घ्याल ती सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा. आणखी एक बारीकशी गोष्ट: इथेनॉल सांडलं की मार्करची शाई पुसली जाते. लेबलवर पेन्सिलने लिहून वरून पारदर्शक टेप गुंडाळा.

किड्याचे जीवाणू वटवाघळाच्या नावावर

भातखाचरांवर तुडतुडे वाढले की वटवाघळं तिथे चरतात, आणि तुडतुड्यांच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जीवाणू राहतो. तो लेंडीत उतरला म्हणून वटवाघळाच्या आतड्याचा रहिवासी ठरत नाही. किड्यांतच राहणाऱ्या स्पायरोप्लाझ्मा या जीवाणूचंही तसंच. ही नावं यादीतून काढायची की ठेवायची हे आधी ठरवा आणि निबंधात स्पष्ट लिहा. माझं मत विचाराल तर काढण्याआधी त्यांच्याकडे एकदा नीट बघा, प्राण्याने काय खाल्लं याचा माग त्यातून लागतो. हरितलवक आणि मायटोकाँड्रियाचे तुकडे मात्र काढलेच पाहिजेत.

आहार ऋतूनुसार बदलतो हेही लक्षात घ्या. पहिल्या पावसानंतर वाळवी उडते तेव्हाचे एका गुहेतले नमुने आणि फेब्रुवारीतले दुसऱ्या गुहेतले नमुने शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक गुहेचा की मोसमाचा हे कळायला मार्ग नाही. रात्रीची वेळही तशीच: निघताना पोट जवळजवळ रिकामं, परतताना भरलेलं.

कोरा नमुना न ठेवणं

लेंडी काही मिलिग्रॅमची असते, डीएनए थोडा निघतो. अशा वेळी किटमधलाच जीवाणूंचा डीएनए वर येतो. हा प्रश्न २०१४ मध्ये ठळकपणे पुढे आला. राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम अशी जीवाणूंची नावं दिसली तर आधी किटवर संशय घ्या. पिशवीत काहीही न ठेवता घेतलेला स्वॅब, लेंडीशिवाय केलेलं डीएनए निष्कर्षण आणि डीएनएऐवजी पाणी घालून केलेला पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया), असे तीन कोरे नमुने हवेत. जेलवर डीएनएची पट्टी दिसली नाही तरी त्यांचं सिक्वेन्सिंग करा. एका गुहेच्या सगळ्या नमुन्यांचा डीएनए एका दिवशी आणि दुसरीच्या नमुन्यांचा दुसऱ्या दिवशी काढू नका, दर दिवशी दोन्ही गुहांचे काही काही नमुने घ्या.

मोजणीतली चूक छोटी पण नेहमीची. एकाच गुहेतली ३० वटवाघळं म्हणजे रत्नागिरी जिल्हा नव्हे. गुहांची तुलना करायची तर गुहा जास्त हव्यात. पिपिस्ट्रेलस या छोट्या वटवाघळांच्या जाती नुसत्या बघून ओळखू नका, लेंडीतल्या डीएनएवरून बारकोडिंग (डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं) करून घ्या.

परवानगी, लस आणि गावातली चर्चा

वनविभागाची लेखी परवानगी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय जाळं लावू नका. संरक्षित लेणं असेल तर पुरातत्त्व खात्याचीही परवानगी लागते. रेबीजची प्रतिबंधक लस आधी घ्या, हातमोजे आणि एन-९५ मास्क वापरा. मास्कमुळे आपला संसर्ग वटवाघळांना होणंही टळतं. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने २०२१ मध्ये नोंदवलं होतं, तेव्हा ही काळजी उगाच नाही.

निकाल सांगताना मात्र जपून. जीवाणू ओळखायला वापरल्या जाणाऱ्या १६एस जनुकाचा छोटा तुकडा वाचून जीवाणूची प्रजाती (जीनस) बहुधा कळते, जात (स्पीशीज) क्वचितच. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार ज्यातल्या जीवाणूंमुळे होतो त्या लेप्टोस्पायरा प्रजातीत माणसाला काहीही न करणाऱ्या, पाण्यात राहणाऱ्या जातीही आहेत. कोकणात लेप्टोचा धाक आधीच आहे. गावात कुणी ‘वटवाघळांत लेप्टो सापडला’ एवढंच ऐकलं, तर दुसऱ्या दिवशी गुहेच्या तोंडाशी धूर होऊ शकतो. आधी गावकऱ्यांना भेटून नेमकं काय सापडलं आणि काय सापडलं नाही ते समजावून सांगा. प्रकाशित करताना तालुक्याचं नाव पुरे, अक्षांश-रेखांश फक्त वनविभागाला द्या.