वंशावळ मांडताय? या चुका टाळा

ओळखीपाळखीतली मंडळी वंशावळीचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातली, रावपुऱ्यातली, बाबाजीपुऱ्यातली जुनी मराठी घरं. दहांतल्या आठ कागदांवर पहिली ओळ असते, 'आमचे मूळपुरुष दमाजीराव गायकवाडांबरोबर गुजरातेत आले.' आणि खाली, अगदी शेवटच्या ओळींत, स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव रिकामं.

वरून सुरुवात करणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. वंशावळ खालून वर चढायची असते. आधी तुम्ही, मग आई-वडील, मग त्यांचे आई-वडील. प्रत्येक पायरीला एक तरी कागद किंवा एक तरी माणूस साक्षीला हवा. साक्ष नसेल तर त्या पायरीवर थांबायचं. हे थांबणंच नव्या लोकांना जमत नाही. त्यांना एका रविवारात पेशवाई गाठायची असते. मग इंटरनेटवर आपल्या आडनावाचं कुणाचं तरी झाड सापडतं आणि ते आपल्या आजोबांच्या डोक्यावर आणून बसवतात. जोशी, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावं वृत्तीवरून, वतनावरून पडलेली आहेत; गावोगावी वेगळ्या घराण्यांना तीच आडनावं मिळाली. गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव तिन्ही जुळेपर्यंत तर नात्याचा विचारही करू नका, आणि जुळल्यावरही कागद शोधाच.

दुसरी चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्याकडे तांब्याचं एक मोठं घंगाळ आहे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'गोविंद हरी, वै. शु. ३, १९४५'. माझ्या मोठ्या काकांचं नाव गोविंद हरी, जन्म १९२०चा. मी वहीत लिहून टाकलं: घंगाळ काकांचं, अक्षय्य तृतीया, सन १९४५. सगळं चोख बसत होतं. आमची वंशावळ तेव्हा पणजोबांपाशी अडली होती. आजोबा हरी गोविंद, म्हणजे पणजोबांचं नाव गोविंद, हे उघड होतं. पण त्या गोविंदांचे वडील कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

चार वर्षं मी यादी घेऊन हिंडले. मग एका दुपारी आत्या आमच्याकडे आली असताना तिची नजर घंगाळावर गेली. म्हणाली, "अगं, हे अजून आहे होय! माझ्या आजीनं मला यातच न्हाऊ घातलंय."

आत्या १९३२ची. १९४५ला घेतलेल्या घंगाळात तिला तान्हेपणी कोण न्हाऊ घालणार? मी पुन्हा आकड्यांकडे बघितलं. भांडं बडोद्याच्या बाजारातलं. नाव कोरणाऱ्यानं त्याच्या सवयीनं विक्रम संवत घातला होता. संवत १९४५ची अक्षय्य तृतीया म्हणजे मे १८८९. तो गोविंद हरी माझा काका नव्हताच, पणजोबा होते. आणि त्यांच्या नावापुढचं 'हरी' म्हणजे खापरपणजोबांचं नाव. जे मी गावभर शोधत होते ते आमच्या न्हाणीघरात होतं.

इथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या होत्या. एक, सन कोणता हे न विचारता आकडा घेणं. आपल्याकडे मराठी पोथीवर, पत्रिकेवर शके असतो, बाजारातल्या कागदावर आणि भांड्यावर संवत, त्यानंतर इसवी. शके आणि संवत यांत १३५ वर्षांचा फरक आहे, म्हणजे चार-पाच पिढ्या. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. गुजरातेत संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो, म्हणून संवतातून कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा करा आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. इंदूर-ग्वाल्हेरच्या नातेवाइकांकडून हिंदी कागद आला तर जास्त सांभाळा. तिकडे संवत चैत्रात बदलतो आणि महिना पौर्णिमेला संपतो. आपला वैशाख वद्य तो त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. जुन्या मोडी कागदावरचा 'सन' शुहूर किंवा फसली या जुन्या सरकारी कालगणनांतलाही असू शकतो. मी आता वहीत आधी मूळ आकडा जसाच्या तसा उतरवते आणि इसवी सन शेजारी पेन्सिलीनं लिहिते.

दुसरी चूक नावांची. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे गोविंद हरी, हरी गोविंद, पुन्हा गोविंद हरी अशी माळ लागते. त्यात दोन माणसांचा एक माणूस सहज होतो आणि मधली पिढी गडप होते. प्रत्येक नावापुढे अंदाजे का होईना जन्मसाल घाला. बाप-लेकात पन्नास वर्षांचं अंतर निघालं तर कागद परत तपासा. घरात श्राद्धतिथींची वही असेल तर ती सोन्यासारखी जपा. एकाच नावापुढे दोन तिथी दिसल्या की माणसं दोन.

दत्तक विसरू नका. बडोद्याचे सयाजीराव महाराज जन्मानं कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचे गोपाळराव. १८७५मध्ये खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेतल्यावर ते खंडेरावांचे सयाजीराव झाले. राजघराण्यात हे सर्वांना ठाऊक असतं, तुमच्या घरातलं मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही बाप लिहा.

नोकरीचं गाव मूळ गाव समजू नका. बडोदा संस्थानात अमरेली, कडी, नवसारीला बदल्या होत. आजोबा अमरेलीला जन्मले म्हणून घराणं अमरेलीचं होत नाही.

शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पुष्कळदा प्रवेशाच्या सोयीची असते. गुजराती कागदावर आडनाव आधी येतं, ते पहिलं नाव म्हणून उतरवू नका. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, तेव्हा वाचन दोघांकडून करून घ्या. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

म्हाताऱ्या माणसांना तारखा विचारू नका. प्रश्नावली पुढे केली की ती गप्प होतात, "मला काय आठवतंय आता" म्हणतात. मी दुपारच्या चहानंतर जाते आणि फोटो किंवा एखादं भांडं पुढे ठेवते. हे कुणाचं, कुठल्या घरात होतं, चूल कुठे होती, एवढंच. पण हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

आणि बायका गाळू नका. छापील कुलवृत्तांतांत कित्येक ठिकाणी 'पत्नी' एवढ्यावर भागवलेलं असतं. लग्नात नाव बदललेलं, म्हणजे एकाच बाईची दोन नावं. दोन्ही लिहा, माहेरच्या गावासकट. ज्या आजीनं आत्याला घंगाळात न्हाऊ घातलं तिचं माहेर मी आत्याला विचारलं. तेव्हा तिला काही सांगता आलं नाही. आठ दिवसांनी तिचाच फोन आला. आजीचे भाऊ यायचे, त्यांना सगळे 'देवासचे मामा' म्हणायचे. मी वहीत पेन्सिलीनं 'देवास' लिहून ठेवलंय.