दार्जिलिंगच्या जुन्या ब्रिटिश धाटणीच्या हॉटेलात राहताय? या चुका टाळा

दार्जिलिंगला निघालेल्या मराठी कुटुंबात हॉटेलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "रात्री झोपायलाच तर जायचंय!" साध्या हॉटेलसाठी ते अगदी बरोबर आहे. पण विंडमेअर किंवा एल्गिनसारख्या जुन्या वास्तूत भरभक्कम भाडं मोजून खोली घ्यायची आणि तिथेही हाच हिशेब लावायचा, म्हणजे पैसे पाण्यात. अशा हॉटेलात बघण्यासारखं जे काही असतं ते दुपारी चारच्या आसपास असतं. शेकोटी पेटलेली असते, चहाची किटली येते, पाठोपाठ सँडविच, केक, स्कोन (छोटे गोडसर पाव) येतात. आणि नेमके त्याच वेळी आपण घूम गावाच्या ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हरला "अजून किती वेळ?" विचारत बसलेलो असतो.

विंडमेअर हे मुळात चहामळ्यांवरच्या एकट्या राहणाऱ्या साहेबांचं बोर्डिंग हाऊस. त्याचं हॉटेल झालं १९३९ साली. एल्गिनची इमारत १८८७ च्या सुमाराची, कूचबिहारच्या महाराजांचा उन्हाळ्यातला मुक्काम. या घरांमध्ये लिफ्ट, गीझर, प्रत्येक पलंगाशेजारी चार्जिंगचा पॉइंट हे सगळं बांधणाऱ्याच्या मनातही नव्हतं. नंतर जे बसलं ते जागा मिळेल तिथे बसलं. हे आधीच लक्षात घेतलं तर निम्म्या तक्रारी गळून पडतात. उरलेल्या निम्म्या बहुतेक आपणच ओढवून घेतलेल्या असतात.

सेव्हन पॉइंट आणि चारचा चहा एकाच दिवशी

सगळ्यात मोठी चूक हीच. टायगर हिलचा सूर्योदय गाठायचा तर पहाटे साडेतीन-चारला गाडी सुटते. तिथून बटासिया लूप (टॉय ट्रेनचं गोल वळण), घूमचा मठ, परत येऊन नाश्ता, की लगेच सेव्हन पॉइंट, म्हणजे सात ठिकाणं दाखवणारी गाडीची फेरी. संध्याकाळी हॉटेलात शिरताना डोळे मिटत असतात आणि चहाची भांडी उचलून झालेली असतात.

त्यात आपल्याला घड्याळाचाही चकवा बसतो. दार्जिलिंग मुंबईपेक्षा बरंच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "पाचला पोहोचलो तरी बाहेर लॉनवर बसू" हा बेत तिथेच संपतो. थंडीच्या दिवसांत चारची वेळ म्हणजे दिवसाचा शेवटचा उजेड, आणि आकाश मोकळं असेल तर कांचनजंगेवरचं ऊनही तेव्हाचंच.

उपाय सोपा आहे, पण टूरवाल्याला तो आवडत नाही: किमान दोन रात्री राहा आणि एका दिवशी दुपारनंतर गाडीच ठेवू नका. पोहोचायच्या दिवशीचा चहा मिळेल असं गृहीत धरू नका. बागडोगरा विमानतळ साधारण ७० किलोमीटरवर असला तरी घाटातून तीन ते चार तास जातात. दुपारचं विमान असेल तर पहिला चहा गेलाच. प्राणिसंग्रहालय आणि त्याच आवारातली गिर्यारोहण संस्था गुरुवारी बंद असतात, तेव्हा तो दिवस हॉटेलसाठी राखला तर काहीच हुकत नाही.

"पॅकेजमध्ये सगळं आहे"

पॅकेजवर लिहिलेलं एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक रात्रीचं. त्यात चारचा चहा असेलच असं नाही. काही ठिकाणी असतो, काही ठिकाणी वेगळं बिल येतं. बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी विचारा: चहा भाड्यात धरलाय का, किती ते किती वाजेपर्यंत असतो, आणि आधी सांगावं लागतं का?

त्याच निरोपात खाण्यापिण्याचंही सांगून टाका. केक आणि स्कोनमध्ये अंडं असू शकतं, आणि अंड्याचं, चिकनचं, काकडीचं सँडविच एकाच ताटलीत शेजारी-शेजारी येतं. आजीची संकष्टी असेल किंवा सोबत जैन मंडळी असतील तर ऐन टेबलावर सांगून उपयोग नाही. सकाळी स्वयंपाकघरात कळवलंत तर बहुतेक वेळा वेगळी ताटली होते.

खोलीतल्या अडचणी

महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, दार्जिलिंग २००० च्या वर. महाबळेश्वरला पुरलेला स्वेटर इथे पुरत नाही. उंच छताच्या जुन्या खोल्या गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून शेकोटी किंवा हीटर संध्याकाळीच लावून घ्या. रात्री दहाला कुडकुडत फोन करू नका. आणि पांघरुणात पायाला काही गरम-मऊ लागलं तर किंचाळायचं कारण नाही. झोपण्यापूर्वी गाद्यांत गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायची इथे जुनी पद्धत आहे.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. खोलीत कोळशाची किंवा लाकडाची शेकोटी असेल तर थंडी येते म्हणून दारं-खिडक्या फटी बुजवून गच्च बंद करू नका. धूर नीट वर जात नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं, एकाच वेळी दोघांना गरगरणं असं झालं तर आधी खोलीबाहेर पडा, मग रिसेप्शनला सांगा. झोपताना निखारे काढून न्यायला सांगणं उत्तम. दिवसा मात्र बाहेर जाताना खिडकी उघडी टाकू नका. ऑब्झर्व्हेटरी हिलवर महाकाल मंदिराच्या आसपास माकडं भरपूर आहेत.

फ्यूज उडण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्याच बॅगेत असतं. खिचडीसाठी आणलेली इलेक्ट्रिक किटली, हीटर आणि इस्त्री एकाच वेळी लावली की जुनं वायरिंग हात टेकतं. बाळाचं दूध गरम करायचं असेल तर स्वयंपाकघरात द्या. पाण्याची दार्जिलिंगला कायमच ओढाताण असते, आणि मार्च ते मे तर जास्तच. गरम पाण्याच्या वेळा आल्या आल्या विचारा आणि घरातल्या पाच जणांच्या आंघोळी एकामागोमाग एक लावू नका.

गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर खालच्या मजल्याची खोली मागा. चौरस्त्यावर, म्हणजे दार्जिलिंगच्या मुख्य चौकात, गाड्या येत नाहीत, त्यामुळे तिथल्या काही हॉटेलांपर्यंत शेवटचा चढ पायीच असतो. लाकडी जमीन असलेल्या इमारतीत वरच्यांची पावलं खाली वाजतात, एवढी तडजोड मात्र करावी लागते.

चहात दूध

इथे मी जरा हट्टी आहे. आपल्या अमृततुल्यचा चहा हा दाणेदार सीटीसी पावडरचा. तो दूध, साखर, आलं घालून उकळायलाच केलेला असतो. दार्जिलिंगची पानं वेगळी, बहुतेक चिनी जातीच्या झुडपांची. त्यातला पहिल्या बहराचा, म्हणजे मार्च-एप्रिलचा चहा इतका हलका असतो की दोन चमचे दुधात तो बुडतोच. "रंगच नाही, पाणी आहे नुसतं" म्हणून परत पाठवण्याआधी दोन घोट कोरे घेऊन बघा. मे-जूनचा दुसरा बहर जरा गडद, त्याला मस्कॅट द्राक्षासारखा वास. नवख्याने तिथून सुरुवात करावी. दुधाचाच हवा असेल तर सरळ आसाम किंवा मसाला चहा मागा, त्यात कमीपणा काही नाही.

चहा कडू लागला तर दोष बहुधा वेळेचा असतो. पानं किटलीतच राहतात, आणि आपण गप्पा मारत दुसरा कप वीस मिनिटांनी ओततो. तीन-चार मिनिटांत सगळ्यांचे कप भरा आणि गरम पाणी वेगळं मागवून घ्या.

"तिथे छान लागला, पुण्यात आणल्यावर कडू लागतो" ही तक्रारही नेहमीची. त्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळतं. मैदानात तेच पाणी शंभरच्या जवळ पोहोचतं आणि कोवळं पान भाजून काढतं. घरी पाणी उकळल्यावर झाकण काढून दोन मिनिटं थांबा, कपाला साधारण अडीच ग्रॅम पानं घ्या. विकत घेताना पाकिटावर चहाचं पान धरलेल्या स्त्रीचं चिन्ह बघा. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्या नावाखाली दुसराच चहा खपवणारे आहेत. आणि नाताळच्या सुट्टीत पानं खुडणाऱ्या बायकांचे फोटो काढायला मळ्यात जाऊ नका, तेव्हा झुडपं विश्रांतीला असतात.

टेबलावरच्या रीतींची उगाच भीती बाळगू नका. स्कोन हाताने आडवा मोडायचा, दोन्ही भागांवर जॅम आणि क्रीम लावायचं, आधी काय लावायचं यावर खुद्द इंग्रजांतच भांडण आहे. खरी अडचण होते ती स्पीकरवर लावलेल्या व्हिडिओ कॉलची आणि चिखलाच्या बुटांची. मुलं कंटाळणारच, तेव्हा त्यांना आधी खायला घालून पाळीपाळीने बाहेर फिरवून आणा.

भाडं परवडत नसेल तर मुक्कामाचा हट्टही नको. काही जुनी हॉटेलं बाहेरच्यांनाही आधी सांगितलं तर चहा देतात. सकाळी फोन करून जागा विचारा. तिथे नाही जमलं तर ग्लेनरीजची बेकरी आणि केव्हेंटर्स कॅफेची गच्ची आहेच, फक्त चारच्या आधी पोहोचा, खिडकीजवळची टेबलं पटकन भरतात.