एअर रायफल: आडवा पसरणारा ग्रुप पायांतून आवळला

बालेवाडीच्या रेंजवर रायफल व्हाइसमध्ये (पक्क्या शिकंज्यात) बांधली की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका, घट्ट यायचा, खांद्यावर घेतली की आडवा पसरायचा. म्हणजे दोष पवित्र्यात, उभं राहण्याच्या पद्धतीत. ही खात्री आधी करावीच, नाहीतर उगाच साइटचे (नेम धरायच्या साधनाचे) क्लिक फिरवणं होतं. पेलेटचा (छर्‍याचा) निवाडाही व्हाइसवरच: ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी, बॅरलला मानवेल तो घ्यावा, तोही एकाच लॉटचा. स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, दबलेला पेलेट सरळ बाजूला.

मग नेम धरून डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे, उघडायचे. लक्ष्याचं काळं वर्तुळ फोरसाइटच्या (नळीच्या पुढच्या टोकावरच्या साइटच्या) रिंगमध्ये डावीकडे दिसलं, तर रायफल हाताने ओढायची नाही; ओढलेला स्नायू ट्रिगर सुटताना सैल पडतो आणि शॉट उजवीकडे जातो. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावा पाय तसाच ठेवून उजवा पाय बोटांच्या दिशेने किंचित पुढे घ्यावा. किंचित म्हणजे खरंच किंचित: पावलांत ३५ सेंमी अंतर असेल, तर हिशेबाने पाय सरकला त्या १ मिमीचे १० मीटरवरच्या लक्ष्यावर सुमारे २९ मिमी होतात, आणि दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमी! पाय जमले की जमिनीवर खडूची खूण करावी. एवढ्यानेच ग्रुप गोल झाला.

उभा पसरला तर मात्र आधी श्वास तपासा, मग रायफलच्या हवेच्या सिलिंडरचं प्रेशर.